कागदाचं कॅराव्हेल आणि नाकाची भानगड

कागदाचं विमान म्हणलं की लोकांना वहीचं पान फाडून केलेलं शाळेतलं विमान आठवतं, ते नाही हो. फाईल डाऊनलोड करायची, जाड कार्डशीटवर कलर प्रिंट काढायची, मग कापायचं, वळवायचं, फेविकॉलनं चिकटवायचं आणि शेवटी एखादं खरंखुरं विमान खिडक्यांसकट टेबलावर उभं राहतं, ते. सध्या माझं कॅराव्हेल चालूय. फ्रेंच विमान, १९५५ ला पहिल्यांदा उडालं, आणि आपल्या इंडियन एअरलाइन्सचं पहिलं जेट हेच, १९६४ पासून. बोईंग ७०७ सगळेच करतात, पण मला हे आवडतं कारण दोन्ही इंजिनं मागे शेपटीपाशी आणि पंख एकदम मोकळे, त्याच्यावर काही लटकवायचं नाही बिटकवायचं नाही. खऱ्या विमानालाही त्या साफ पंखांचा फायदा होता, १९५९ मध्ये एक कॅराव्हेल पॅरिसवरून इंजिनांचा जोर काढून घेऊन दिझाँपर्यंत नुसतं तरंगत नेलं होतं, अडीचशे किलोमीटरच्या वर!

१:१०० चं मॉडेल म्हणजे हिशोब सोपा, खरं विमान ३२ मीटर तर आपलं ३२ सेंटीमीटर, पंखांचा पसारा ३४ च्या आसपास. प्रिंट छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात काढतो. दुकानदाराला एवढंच ठासून सांगायचं की दादा, 'फिट टू पेज' करू नको, अ‍ॅक्चुअल साईझच ठेव, कारण एक पान जरी शेकडा दोन-तीननं लहान आलं तरी पुढच्या पानावरची धडाची रिंग त्याच्यात बसत नाही. कागद १६० ते २०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम. आणि उन्हाळ्यात आपल्याकडचं खरं संकट म्हणजे कूलर. बाहेर हवा इतकी कोरडी की फेविकॉल बघता बघता वाळतो, काम झकास होतं, पण कूलर चालू केला की ओल्या हवेनं कार्डशीट मऊ पडते आणि चांगली गोल वळवलेली नळी पोट सोडून बसते. म्हणून मी कूलर बंद करून बसतो. आई म्हणते, "घाम गाळून कागद कापायलास, काय येडा झालास का रं."

धड करायच्या आधी कागदाची नस बघून घ्या. कागद एका बाजूनं सहज वाकतो, दुसऱ्या बाजूनं कुरकुरतो, मोडतो. सहज वाकतो ती बाजू धडाच्या गोलाईला आली पाहिजे. धड ३.२ सेंटीमीटर जाडीचं, विणकामाच्या सुईवर किंवा गोल पेन्सिलीवर हळूहळू घोळवायचं, एकदम दाबलं की घडी पडते आणि पडलेली घडी जात नाही. घडी जिथं पाहिजे तिथं रिकाम्या रिफिलचं बॉलपेन पट्टीला लावून ओढायचं. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, त्यांना वॉटरकलर नाहीतर स्केचपेननं रंग मारायचा, ही एक गोष्ट केली तरी मॉडेल दुप्पट चांगलं दिसतं.

आता नाक. कागद एकाच दिशेनं वळतो, नळी होईल, शंकू होईल, पण वाटीसारखा गोल होणार नाही. म्हणून नाकाला पाकळ्या पाडतात, एकेक पाकळी आतून चमच्याच्या पाठीनं घोटायची आणि आतून बारीक पट्ट्या लावून जोडायची. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो आणि कॉकपिटच्या काचा नेमक्या पाकळ्यांच्या जोडावर येतात, डिझाईन करणाऱ्याचं काय वाकडं केलं होतं देव जाणे. गंमत म्हणजे फ्रेंचांनीही नाक स्वतः केलंच नव्हतं! ब्रिटिश डी हॅविलँडकडून कॉमेट विमानाचं नाक लायसन्सवर घेतलं आणि मागं आपलं धड लावलं. शहाणे लोक.

कॉमेट म्हणजे पहिलं प्रवासी जेट, १९५२ मध्ये सेवेत आलं आणि १९५४ मध्ये दोन विमानं हवेतच फुटली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला एक अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब देऊन बघितलं तर आधीची उड्डाणं धरून ३,००० च्या आसपास फेऱ्यांनंतर धडाला पाडलेल्या खिडकीसारख्या भोकाच्या कोपऱ्यापाशीच फाटलं. हे वाचून पटत नसेल तर कार्डशीटला ब्लेडनं चौकोनी खिडकी पाडा आणि कागद दोन्हीकडून ओढा, फाट कोपऱ्यातूनच सुरू होते. कोपऱ्यात आधी सुईनं गोल भोक पाडून मग कापलं तर कागद बराच दम धरतो. कॅराव्हेलच्या खिडक्या त्रिकोणी, पण कोपरे चांगले गोलसर आणि तळ रुंद, म्हणजे प्रवाशाला खाली बघायला जागा. मी त्या खऱ्याच कापायलोय, मागून बटर पेपर लावायचा बेत आहे.

इंजिनं मागं असल्यानं मॉडेल बुडावर बसतं. भाची विचारायली, "मामा, हे असं का बसलंय, दमलं का?" नाक बंद करायच्या आधी आत पाच रुपयांचं नाणं चिकटवा, वजन कमी पडलं तर दोन. खऱ्या विमानाच्या शेपटीखाली उघडणारा जिना होता आणि उभं असताना तोच मागून टेकूचं काम करायचा.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी कॅराव्हेलच घ्यावं. कॉमेट नको, त्याची चारही इंजिनं पंखाच्या मुळात दडवलेली आहेत, ते भाग कागदात बसवताना डोकं फिरतं. ७०७ ला चार इंजिनं चार खांबांवर, म्हणजे एकच काम चारदा, आणि लांबी साडेसेहेचाळीस सेंटीमीटर, शोकेसच्या कप्प्यात मावत नाही, आमच्या तरी.