कॉलेजातून अंगणात

गुरुवार, रात्र

उद्या आमच्या अध्यापक विद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक शिकवायच्या आहेत, म्हणून जेवण झाल्यावर टिपणं काढून बसले. परीक्षेला यावर एक टीप येते. जन्म १८९२, नूतन बालशिक्षण संघ १९२६, पद्मभूषण १९६२. मुली पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. आज मात्र सन एकाखाली एक मांडताना मी त्यांच्या नोकऱ्यांच्या क्रमापाशीच अडकले.

१९१४ ची पदवी. संसार मोडल्यावर त्या राजकोटला गेल्या आणि बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एकट्या बाईला असं पद, पगार आणि मान मिळणं किती दुर्मीळ! तरी १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांकडे दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिरात आल्या. (गिजुभाईही चालती वकिली सोडून आलेले.) पुढे मुंबईत दादरचं शिशुविहार, लहान मुलांची शाळा. आणि १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, बोर्डीसारख्या समुद्रकाठच्या खेड्यात.

आमच्या खात्यात बढतीची शिडी उलटी लावलेली आहे. शिक्षक, मुख्याध्यापक, अध्यापक विद्यालयात प्राध्यापक, मग प्राचार्य. दर पायरीला मूल एकेक हात लांब जातं. मुख्याध्यापिका असताना पोषण आहाराचा हिशेब आणि सरकारला भरून द्यायची यू-डायसची शाळेची माहिती यांतून वेळ काढून मी पहिलीचा पहिला तास स्वतः घ्यायचे, तो सोडला नाही. इथे कॉलेजात आल्यावर मूल दिसतं ते सराव पाठापुरतं. ताराबाई दर बदलीला मुलाच्या जवळ सरकत गेल्या, आणि अध्यापक घडवण्याचं काम मात्र त्यांनी एकदाही सोडलं नाही. शिकाऊ शिक्षिकांचे वर्गच त्यांनी मुलांच्या दारात नेले.

बोर्डीला वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरायला लागली. आधी हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं, मग गाणी. माँटेसरी पद्धतीची शिकवण्याची साधनं महाग, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. अनुताई वाघ तिथेच त्यांच्याबरोबर कामाला लागल्या. १९५७ मध्ये दोघी डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेल्या. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरीच अडकते, हे त्यांनी पाहिलं आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. हे सगळं त्यांना टेबलाशी बसून सुचलं असतं, असं मला अजिबात वाटत नाही. त्या १९७३ मध्ये गेल्या. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातून आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत.

आज सकाळी शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीवर सराव पाठ होता, हातच्याची वजाबाकी. छात्राध्यापिकेचं टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, नेटकं होतं. उद्दिष्टं, पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन, सगळं जागच्या जागी. तक्ता रंगीत. पण ५२ मधून २७ काढताना "शेजारून एक दशक उसना घ्या" म्हटल्यावर अर्धा वर्ग तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पाठ संपल्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही घेऊन दाखवाल का?"

पुढचा तास मी घेतला. आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. दहादहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या. "यातल्या सात सुट्ट्या काड्या मला दे," म्हटलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सकाळपासून बोललाच नव्हता, काड्या हातात धरून बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "बाई, गठ्ठा सोडू का?" मी मान हलवली. त्याने रबर काढलं, बारा सुट्ट्या मोजल्या, सात माझ्या हातावर ठेवल्या, मग दोन गठ्ठेही आणून दिले. उरल्या किती, हे वर्गाने ओरडून सांगितलं. मागे उभ्या मुलींनी वह्या मिटल्या होत्या, सगळ्या त्याच्या हातांकडे बघत होत्या. उसनं घेणं म्हणजे काय, हे दोन वर्षांच्या व्याख्यानांत मला इतकं स्वच्छ दाखवता आलं नसतं.

दुपारी प्राचार्यांना भेटले. आमच्यापैकी प्रत्येकाने आठवड्यातून एक तास खऱ्या वर्गावर घ्यावा, छात्राध्यापिकांनी तो मागे बसून बघावा आणि नंतर हवे तेवढे प्रश्न विचारावेत, असं सुचवलं. आधी त्या वेळापत्रकाकडे बोट दाखवत होत्या, पण या सत्रापुरतं हो म्हणाल्या. शाळेतल्या गुरुजींना फोन केला, तर त्यांनी लगेच मंगळवारचा पहिला तास देऊ केला. भागाकार येतोय, म्हणाले, तिथे वर्ग अडतो.

उद्या ताराबाई वर्गखोलीत शिकवणार नाही. मुलींना शाळेमागच्या अंगणवाडीत नेते. सेविकाताईंना विचारून ठेवलंय. दहा वाजता मुलं येतात.