बंदा रुपया आणि मोड

माझ्या नातीने परवा एकशे पाच हा आकडा १००५ असा लिहिला. ती दुसरीत आहे. आमच्याकडे दुधाचा हिशेब स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहायची जुनी पद्धत असून, म्हशीच्या दीड लिटर दुधाचे एकशे पाच रुपये त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचे काम मी मोठ्या विश्वासाने तिच्याकडे सोपवले होते. दूधवाल्याच्या खात्यावर नऊशे रुपये जास्तीचे चढले, हे मी तिच्या लक्षात आणून दिले, तेव्हा तिने पेन्सिलीचे टोक आकड्यांवर टेकवून मला समजावून सांगितले, "आजी, आधी शंभर लिहिले. मग पाच लिहिले. झाले एकशे पाच." तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. जसे ऐकले तसे लिहिले, आणि शाळेत बाईंनीही तसेच शिकवलेले असते: ऐका आणि लिहा.

मी एका सहकारी बँकेत छत्तीस वर्षे कॅशियर होते. त्यामुळे आकडा ऐकणे आणि आकडा लिहिणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला कोणी शिकवण्याची गरज उरलेली नाही. त्याची फी मी केव्हाच भरली आहे. १९८१ सालची गोष्ट. आमच्या भागात दूध संस्थांची बिले दर दहा दिवसांनी निघत आणि त्या दिवशी काउंटरवर मोडके-तोडके आकडे घेऊन शेतकऱ्यांची रांग लागे. शेजारचा क्लार्क रक्कम पुकारायचा आणि मी ती रजिस्टरात लिहून पैसे मोजायचे. त्याने "तीनशे सत्तावीस" म्हटले. कानावर आधी सात पडले, हाताने आधी सातच लिहिले, मागून दोन आले, आणि मी ३७२ रुपये मोजून दिले. संध्याकाळी गल्ला पंचेचाळीस रुपयांनी कमी आला. मला रडू फुटायचेच बाकी होते, तेव्हा आमच्या हेडकॅशियर काकांनी शांतपणे विचारले, "पंचेचाळीसला नऊने भाग जातो का?" जातो, पाच वेळा. "मग कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली आहे, आणि त्या दोन अंकांत पाचाचा फरक आहे. तेवढेच शोध." दहा मिनिटांत रजिस्टरातली ती नोंद सापडली. शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो, ही गोष्ट हिशेब ठेवणाऱ्या जुन्या माणसांना पाठ असते. दहा दिवसांनी पुढचे बिल न्यायला आलेल्या त्या गृहस्थांनी पंचेचाळीसपैकी चाळीस रुपये परत केले आणि पाचाची भजी खाल्ल्याचे हसत कबूल केले.

हा दोष अर्धा माझा आणि अर्धा आपल्या भाषेचा, असे मी तेव्हापासून मानत आले आहे. आपण सत्तावीस म्हणताना सात आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतीस तर त्याहून लबाड. त्यात दोनही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही, ऐकू येतात ते तीस आणि त्यातून वजा झालेला एक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात', 'सत्तर दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधानसभेपर्यंत केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि ह्या उलट्या क्रमाची अडचण परोपरीने सांगत होत्या. पण ऐकून घेण्यापेक्षा विनोद करण्यातच लोकांना गोडी अधिक होती. मलाही 'बावन्न' सोडवत नाही. 'पन्नास दोन' म्हटले की तोंडात काहीतरी अर्धे राहिल्यासारखे वाटते. पण त्या वादात मी कोणाची थट्टा केली नाही, कारण पंचेचाळीस रुपये मला आठवत होते.

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मी ज्या मावशींकडून भाजी घेते त्या सीमाभागातून येतात. त्यांची मायबोली कानडी. गिऱ्हाइकाशी त्या झकास कोल्हापुरी मराठी बोलतात, पण बेरीज मात्र पुटपुटतात कानडीत. कानडीत सत्तावीसाला इप्पत्तेळु म्हणतात, म्हणजे वीस आधी आणि सात मागून. जसे लिहायचे तसेच बोलायचे. ही गोष्ट मला मावशींच्या तागडीसमोर उभी असताना कळली, आणि इतकी वर्षे ज्या भाषेच्या शेजारी राहिलो तिच्याकडून एवढी साधी सोय आपण उसनी घेतली नाही, ह्याचे थोडे वाईटही वाटले.

तर नातीच्या १००५ कडे परत येते. रागावण्यात अर्थ नव्हता. मी ताटात तीन वाट्या ठेवल्या. उजवीकडची एककाची, मधली दशकाची, डावीकडची शतकाची. देवघराखालच्या डब्यातली सगळी चिल्लर जमिनीवर ओतली आणि पहिले काम निवडण्याचे दिले: फक्त एक रुपयाची नाणी, दहाच्या नोटा आणि शंभराच्या नोटा ठेवायच्या, दोन, पाच, वीस, पन्नास ही मधली मंडळी परत डब्यात. व्यवहारात ह्या मधल्या मंडळींवाचून पान हलत नाही, पण शिकणाऱ्या मुलाला ती फार छळतात. त्यातून आपली २०११ सालची नाणी अशी, की त्यांतले दोन रुपयांचे नाणे पाचाच्या नाण्यापेक्षा घेराने मोठे आहे. नातीने दोनाचे नाणे पाचाच्या नाण्यावर ठेवून पाहिले आणि हे जास्त आहे, असा निर्वाळा दिला. तिचे काय चुकले? २०१९ साली काढलेल्या मालिकेत किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाईल अशी दक्षता घेतली आहे. ती अंध व्यक्तींना ओळखणे सोपे जावे म्हणून घेतलेली असली, तरी सात वर्षांच्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. डब्यात मात्र सगळ्या पिढ्या एकत्रच नांदतात.

खेळाचा नियम एकच होता. कोणत्याही वाटीत नवापेक्षा जास्त काही राहू द्यायचे नाही; दहावे आले की ते दहा मला द्यायचे आणि माझ्याकडून पुढच्या वाटीसाठी एक घ्यायचे. पहिल्याच फेरीला बंड झाले. दहा चकचकीत नाणी देऊन त्यांच्या बदल्यात एक मळकी नोट घ्यायला तिने साफ नकार दिला. "दहा देऊन एकच? मी नाही देणार जा!" मी तिला समजावत बसले खरी, पण मनातून मला ते पटत होते. दहा वस्तूंना एक म्हणणे ही काही लहान उडी नाही. काड्यांचा गठ्ठा बांधला तर त्यात दहा काड्या निदान दिसतात तरी. नोटेच्या पोटात दहा नाणी आहेत हे कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवूनच मानावे लागते. बँकेत आम्ही दिवसभर हेच करायचो. शंभर नोटांची एक गड्डी, दहा गड्ड्यांचे एक बंडल, आणि एकदा बंडल बांधून शिक्का मारला की त्याच्याकडे हजार नोटा म्हणून कोणी पाहत नसे, एक बंडल म्हणूनच ते उचलायचे. ही सवय अंगवळणी पडायला आम्हा मोठ्यांना वर्ष लागले होते. मग पोरीने दहा मिनिटांत ती आपलीशी करावी, ही अपेक्षा कशाला?

माझी आजी तर अखेरपर्यंत आण्यातच मोजायची. १ एप्रिल १९५७ रोजी, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, आणि आण्याचे चार पैसे. सोळाची निमपट आठ, आठाची चार, चाराची दोन. तिच्या पावकी-निमकीला, म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांना, ते सोयीचे होते. नव्या हिशेबात आण्याला सव्वासहा पैसे पडत, पण पाव पैशाचे नाणे कोण देणार, म्हणून कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकदम एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस पैसे धरलेले होते. बारावरून एकोणीसवर मारलेली ती उडी आजीला मरेपर्यंत लबाडी वाटत होती. "सात पैसे एका आण्याला? कुठला न्याय?" असे ती विचारायची. आज पावलीही गेली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे बाजारात चालेनासे झाले. पण सोळा आणे खरे असे आपण अजून म्हणतो, आणि नात मला विचारते की आणे म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदार झाले. तिच्या वाट्यांत तीन दहाच्या नोटा आणि दोन नाणी होती, आणि मी सतरा रुपये मागितले. शाळेत ह्याला हातचा घेणे म्हणतात, किंवा दशक सुटा करणे म्हणतात. दोन्ही शब्द मी जिभेवर तयार ठेवले होते. तिने एककाच्या वाटीत पाहिले. दोनच नाणी. माझ्याकडे पाहिले. मग दशकाच्या वाटीतली एक नोट उचलून माझ्यापुढे धरली आणि अगदी के.एम.टी.च्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, कंडक्टरच्या आवाजात म्हणाली, "मोड आहे काय ओ?" मी दहा नाणी मोजून दिली. तिने बारांतली सात आणि एक नोट मला देऊन टाकली, उरलेली एक नोट आणि पाच नाणी पाहून पंधरा असे सांगितले, आणि शिल्लक बरोबर आली. बंदा, म्हणजे न मोडलेला, रुपया आणि मोड, म्हणजे त्याचे सुटे, हे शब्द आमच्या गावच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पाठ्यपुस्तकातला सुटा दशक हा बंद्याची मोड घेण्याचाच प्रकार आहे, हे माझ्याही ध्यानात तेव्हाच आले. छत्तीस वर्षे मोड दिली, पण तिच्याकडे वजाबाकी म्हणून कधी पाहिले नव्हते.

एक गोष्ट मात्र पैसे शिकवू शकत नाहीत, आणि तिथेच ते १००५ अडले होते. दहाची नोट खिशात ठेवा, उशीखाली ठेवा, एककाच्या वाटीत ठेवा. ती दहाचीच राहते. तिची किंमत तिच्या अंगावर छापलेली असते. अंकाचे तसे नाही. अंक म्हणजे कचेरीतला साहेब. खुर्ची बदलली की वजन बदलले. म्हणून वाट्यांतले मोजून झाले की ते पाटीवर वाट्यांच्याच क्रमाने लिहायचे, असा दुसरा नियम मी केला. एक शंभराची नोट, मधली वाटी रिकामी, आणि पाच नाणी. तिने १ लिहिला, ५ लिहिला आणि थांबली. पंधरा झाले होते, आणि हे पंधरा नाहीत हे तिला दिसत होते. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "रिकाम्या वाटीचे काय लिहायचे?" मी काही बोलले नाही. गल्ल्यात एखादा कप्पा रिकामा असला म्हणून कोणी तो उपटून टाकत नाही. शेजारच्या कप्प्यांनी आपापल्या जागी राहावे म्हणून तो तिथेच असावा लागतो. तिने १ आणि ५ यांच्या मध्ये बोटाने पुसून जागा केली आणि तिथे एक फार मोठे, वाटीएवढेच शून्य काढले. मग उठून दिनदर्शिकेपाशी गेली आणि खोडरबराने एक शून्य खोडले. कागदाला भोक पडले, ते असू दे.

रविवारी तिला घेऊन मंडईत गेले. तिच्या मुठीत शंभराची बंदी नोट होती आणि पिशवीही तिच्याच खांद्यावर. मावशींच्या पाटीजवळही आता खांबाला क्यूआर कोडचा पुठ्ठा बांधलेला आहे आणि रुपये मिळाल्याचे एक डबी ओरडून सांगते. शेजारचा तरुण मोबाइल धरून दोन सेकंदांत निघूनही गेला. मुलांना मोड दिसावी तरी कुठे आता? नातीने मेथीची एक पेंडी घेतली, पंधराची, आणि वीसची वांगी. मावशी पुटपुटल्या, "मूवत्तैदु," आणि मोठ्याने म्हणाल्या, "पस्तीस दे बाळ." नातीने माझ्याकडे पाहून हळूच विचारले, "पस्तीस म्हणजे थर्टी फाइव्ह ना?" तिच्या वर्गात गणित इंग्रजीतून आहे. मी मान हलवली. तिने नोट पुढे केली आणि मनातल्या मनात वाट्या मांडू लागली, हे मला तिच्या बोटांवरून कळत होते: शंभराची मोड दहा दहाच्या नोटा, त्यांतल्या एकीची मोड दहा नाणी.

मावशींनी असले काही केले नाही. मंडईत वजाबाकी कोणी करत नाही, पस्तिसापासून वर चढत जातात. त्यांनी बटव्यात बोटे फिरवली, पाचाचे नाणे सापडले नाही, तेव्हा कोथमिरीची एक जुडी उचलून नातीच्या पिशवीत टाकली आणि मोजायला सुरुवात केली.

"पस्तीस. ही कोथमीर, चाळीस. हे दहा, पन्नास. आणि ही पन्नासाची नोट, शंभर. बरोबर हाय न्हवं?"

नातीने नोटा नीट घडी करून मुठीत घेतल्या. महाद्वार रोडला लागेपर्यंत ती काही बोलली नाही. मग पिशवीत डोकावून तिने विचारले, "आजी, घरी गेल्यावर कोथमीर कुठल्या वाटीत ठेवायची?"