तुम्ही विचारलंत म्हणून: तालीम सुटल्यावर स्नायूंचं काय होतं?

"व्यायाम सोडला की कमावलेल्या शरीराची चरबी होते म्हणतात. मग सुरूच कशाला करायचा?" आईवडील मुलांसाठी हे विचारतात, चाळिशीतली माणसं स्वतःसाठी विचारतात. प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त खुपतो, कारण या एका समजुतीपायी कितीतरी जण जोर-बैठकांच्या वाटेलाच जात नाहीत.

स्नायूची चरबी होत नाही. स्नायूची पेशी लांबलचक धाग्यासारखी असते आणि तिच्यात प्रथिनांचे आखडणारे तंतू ठासून भरलेले असतात. चरबीची पेशी म्हणजे तेलाचा थेंब धरून बसलेली पिशवी. व्यायाम थांबला म्हणून एकीची दुसरी होत नाही.

मग हा समज आला कुठून? आखाडा सोडलेल्या पहिलवानाकडे बघून. रोज शेकड्यांनी जोर-बैठका आणि तासभर लढत चालू असते तेव्हा म्हशीचं दोन लिटर दूध, बदाम, तूप सगळं कामी येतं. नुसतं ते दूधच 2000 कॅलरींच्या आसपास जातं. पुढे नोकरी लागते, तालीम सुटते. खुराक मात्र सुटत नाही. दंड उतरतात, पोट सुटतं, आणि बघणाऱ्याला वाटतं दंडातलंच पोटात आलं. खरं तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. म्हणून तालीम थांबेल त्याच आठवड्यात तूप आणि जास्तीचं दूध कमी करावं. डाळ, अंडी, मासे, मटण यांना हात लावू नये. वजनकाट्यावर फार विसंबू नका. महिन्यातून एकदा टेपने मांडी आणि कंबर मोजा. वजन तेवढंच, पण मांडी कमी आणि कंबर जास्त भरली, तर काय चाललंय ते कळलं.

आता कमी काय होतं आणि कधी, ते बघू. पहिल्या दोन आठवड्यांत दंड सैल वाटू लागतात, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. स्नायू साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात आणि दर ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून असतात. वापर थांबला की साठा उतरतो, त्याबरोबर पाणीही. याला घाबरू नये. व्यायाम आणि जेवण पुन्हा रुळावर आलं की हा भराव काही दिवसांत परत येतो.

दम मात्र लवकर जातो. रक्तातला पातळ द्रव काही दिवसांतच घटतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं. अमेरिकेतल्या 1984 सालच्या एका प्रयोगात सरावलेल्या खेळाडूंनी व्यायाम बंद केला, तेव्हा प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता 3 आठवड्यांत 7 टक्के आणि 12 आठवड्यांत 16 टक्के घसरली. स्नायूंमध्ये वाढलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र तशाच राहिल्या. घर रिकामं झालं, पण पाइपलाइन शाबूत, असं म्हणा हवं तर.

ताकद सगळ्यात चिवट. तीन-चार आठवडे ती फारशी हलत नाही, कारण तिचा बराचसा भाग मज्जासंस्थेने शिकलेला असतो. त्यानंतर स्नायू खरोखर बारीक होऊ लागतात. शरीर रोज थोडं प्रथिन मोडतं आणि थोडं बांधतं. ताण नसला की बांधणी मंदावते, मोड चालूच राहते. आधी आणि जास्त आकसतात ते झटक्याची ताकद देणारे जाड धागे.

हे सगळं हिंडत्याफिरत्या माणसाचं. अंथरुणाला खिळणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि घरोघरी तिच्याकडे दुर्लक्ष होतं. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या 5 निरोगी तरुणांना 3 आठवडे झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तर त्या 3 आठवड्यांनी दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं 30 वर्षांच्या वयानेही केलेलं नव्हतं. साठी-सत्तरीतल्या निरोगी माणसांना 10 दिवस झोपवून ठेवलं, तेव्हा पायांतला जवळपास 1 किलो स्नायू आणि गुडघा ताठ करण्याची 15 टक्क्यांहून जास्त ताकद गेली. आपल्याकडे आजी-आजोबा दवाखान्यातून घरी आले की "पडून राहा" म्हणतात आणि पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर देतात. प्रेमाने देतात, पण त्यात प्रथिन नावापुरतं. डॉक्टरांनी उठायला मनाई केलेली नसेल तर दिवसातून तीनदा, हात न टेकता जमतील तेवढ्या वेळा, पाच जमो की दहा, खुर्चीवरून उठणं-बसणं करून घ्या. शेजारी कुणीतरी उभं राहा. प्रत्येक जेवणात अंडं, पनीर, मासा किंवा घट्ट वरण यांपैकी काहीतरी हवंच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. एक हात प्लास्टरमध्ये असेल तर दुसऱ्या हाताचा व्यायाम थांबवू नका. त्याने बांधलेल्या हाताचीही ताकद काही प्रमाणात टिकते.

कमावलेलं टिकवायला फारच थोडं लागतं, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी 16 आठवडे आठवड्यातून तीनदा वजनं उचलली आणि मग 32 आठवडे व्यायाम एक-नवमांश केला, म्हणजे आठवड्यातून एकदाच आणि प्रत्येक प्रकाराचा एकच सेट. तरुणांचे स्नायू तेवढ्यावरही टिकले. साठीपुढच्यांची ताकद बरीचशी टिकली, आकार नाही. त्यांनी आठवड्यातून दोनदा करावं हे बरं. अट एकच: उचलायचं वजन कमी करायचं नाही. शेवटचे दोन-तीन जोर जड गेले पाहिजेत.

परत सुरू करताना पहिल्यापेक्षा कमी दिवस लागतात, कारण शिकलेली मज्जासंस्था आणि स्नायूंमधल्या खुणा मागे राहिलेल्या असतात. घोटाळा होतो तो पहिल्याच दिवशी. जुना आकडा डोक्यात असतो, आणि सहा महिन्यांच्या खंडानंतर माणूस एकदम 200 बैठका मारतो. असरावलेले धागे फुटतात आणि त्यांतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतं. म्हणून पहिले दोन आठवडे पूर्वीच्या निम्मं वजन आणि निम्मे सेट, मधे एक दिवस सोडून. पुढचे दोन आठवडे हळूहळू वाढवा. स्नायूंपेक्षा कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना, वेळ जास्त लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं अंग दुखणं चालेल. पण मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर हळद-दूध घेत घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.