ऑइल ट्रॉफ: अस्वलाच्या चरबीवर वसलेलं गाव

अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात बेंटनव्हिलहून निघालं की ओझार्कच्या डोंगरांतून वळणं घेत चारेक तासांनी बेट्सव्हिल येतं. ते ओलांडून थोडं पुढे गेलं की डोंगर संपतात आणि रस्ता व्हाइट नदीच्या सपाट मळईत शिरतो. दोन्ही बाजूंना शेतं, मधे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं ऑइल ट्रॉफ. पर्यटक इथे थांबत नाहीत. मी मात्र याच गावासाठी निघालो होतो, कारण हे नाव पडलंय ते अस्वलाच्या तेलावरून.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मळईत बांबूची दाट बेटं होती आणि त्यांत काळी अस्वलं मुबलक. शिकारी इथे यायचे, अस्वलं मारायचे, चरबी कढवायचे आणि ओंडके कोरून केलेल्या डोणींत (इंग्रजीत ‘ट्रॉफ’) तेल भरून नदीने थेट न्यू ऑर्लिन्सला धाडायचे. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, लुइझियानातले फ्रेंच वसाहतवाले हे तेल तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेत. अख्ख्या हरणाचं कातडं सोलून, त्याची भोकं बांधून केलेल्या पखालीत ते भरलेलं असे. मांसापेक्षा या चरबीलाच लांबच्या बाजारात मोल होतं, आणि नदीकाठी उभं राहिल्यावर मला ते पहिल्यांदा नीट पटलं. एवढ्या लांबच्या पाण्याच्या वाटेवर मांस टिकणार कसं? तेल टिकतं.

दुसऱ्या दिवशी ओझार्कमध्ये एका ओळखीच्यांच्या घरी गेलो. यजमान सत्तरीचे, अनुभवी शिकारी. परवाना काढून, मौसमात मारलेल्या अस्वलाची चरबी त्यांनी फ्रीजरमध्ये ठेवली होती. ती अर्धवट गोठलेली असतानाच कापायची, म्हणजे सुरीखाली घसरत नाही. मांसाचा तांबूस धागासुद्धा ठेवायचा नाही. तो करपला की सगळ्या तेलाला वास लागतो. हरभऱ्याएवढे तुकडे करून त्यांनी बिडाच्या जाड भांड्यात घातले, तळाला लागू नये म्हणून पेलाभर पाणी ओतलं आणि आच अगदी मंद ठेवली.

पुढचं सगळं आपल्याकडे लोणी कढवतात तसंच. आधी पांढुरकं, गढूळ, बुडबुड्यांचं. पाणी आटत गेलं तसा आवाज बारीक होत गेला आणि तेल स्वच्छ सोनेरी दिसायला लागलं. तुकडे आक्रसून तांबूस झाले तसं यजमानांनी भांडं उतरवलं आणि फडक्यातून तेल बरण्यांत गाळलं. दुसऱ्या दिवशी बरणीत दोन थर दिसत होते: खाली मऊ, पांढरी, रवाळ चरबी आणि वर पिवळसर पातळ तेल. डुकराची चरबी घट्ट बसते, ही तशी बसत नाही.

वासाची मला धास्ती होती, पण वास जवळजवळ नव्हताच. “अस्वलानं काय खाल्लं त्यावर असतं सगळं,” यजमान म्हणाले. इथली अस्वलं शरदात ओकची फळं खाऊन माजतात, तेव्हाची चरबी गोडसर लागते. मासे किंवा मेलेली जनावरं खाल्लेल्या अस्वलाची उग्र असते. यजमानीणबाईंनी पांढरा थर मैद्यात चोळून बिस्किटं केली, म्हणजे इथले मऊ, पापुद्रे सुटणारे पाव. लोण्याच्या बिस्किटांपेक्षा मला ती जास्त खुसखुशीत लागली.

वरच्या पातळ तेलाला कामं वेगळी. यजमानांनी बूट उन्हात गरम करून शिवणींवर बोटानं तेल चोळलं. चामडं मऊ राहतं आणि पाणी आत शिरत नाही. कुऱ्हाडीच्या पात्याला पातळ हात दिला की गंज धरत नाही. त्यांच्याकडे तोंडातून ठासायची जुन्या पद्धतीची बंदूक आहे. तिच्या गोळीभोवतीची कापडाची चिंधी ते याच तेलात भिजवतात. बंदुकीच्या काळ्या दारूबरोबर खनिज तेल वापरलं तर नळीत डांबरासारखी काजळी चिकटते, चरबीनं ती मऊ राहते आणि पुसली जाते. जुन्या काळी लंडनमध्ये हीच चरबी टकलावर केस उगवायला विकत. त्या दाव्यात काही तथ्य नव्हतं.

आज हे बघायला मिळालं यामागे मोठी मेहनत आहे. एके काळी ‘बेअर स्टेट’ म्हणवणाऱ्या अर्कान्सासमध्ये बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे १९३० च्या दशकात पन्नासही अस्वलं उरली नव्हती. मग १९५८ ते १९६८ या काळात राज्याच्या वन्यजीव खात्यानं मिनेसोटा आणि कॅनडातल्या मॅनिटोबातून अडीचशेच्या आसपास अस्वलं आणून डोंगरांत सोडली. ती इतकी रुजली की १९८० मध्ये शिकारीचा मौसम पुन्हा सुरू करता आला. म्हणून मौसमात मारलेल्या अस्वलाची चरबी कुणी उकिरड्यावर टाकतं, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. मेळघाट-ताडोबातलं आपलं अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं आणि त्याची चरबी विकणं-विकत घेणं, सगळाच गुन्हा. सांधेदुखीवर म्हणून बाजारात कुणी अशी बाटली पुढे केली तर घेऊ नका, महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.