जर्मनीतला किराणा आणि कस्टममध्ये अडकलेला काळा मसाला

पार्सलच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याच्या रकान्यात घरच्या माणसाचंच नाव असलं पाहिजे. बुकिंग करणाऱ्या एजंटचं नको, मसाला कांडून देणाऱ्या डंकवाल्याचं नको, दुकानाचं तर नकोच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची पोरं-पोरी आता जर्मनीत नोकरीला आणि शिकायला येतात, आणि घरून आलेलं पहिलं पार्सल बऱ्याचदा याच रकान्यापाशी अडकतं. माझंही अडकलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते. बाकी किराण्याचं मागून येईलच.

तसं पाहिलं तर इथे कशावाचून अडत नाही. तूरडाळ, उडीद, पोहे, गूळ, हिंग भारतीय दुकानात मिळतं. कोथिंबीर, भेंडी, कच्चे शेंगदाणे, तीळ तुर्की दुकानात मिळतात, आणि तेही भारतीय दुकानापेक्षा स्वस्त. दूध, दही, बटाटे, कांदे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात. मिळत नाहीत त्या आपल्याकडच्या मोजक्या वस्तू: खान्देशी काळा मसाला, दादर ज्वारीचं ताजं पीठ, बिबडे (ज्वारीचे पापड), शेवभाजीची जाड तिखट शेव. भारतीय दुकानात काळा मसाला म्हणून जे पाकीट मिळतं तो गोडा मसाला असतो. त्याने शेवभाजीला रंगही येत नाही आणि तर्रीही सुटत नाही. म्हणून घरून मागवायचं ते एवढंच. तूरडाळ आणि साबुदाणा मागवून वजन वाढवू नका.

आता पार्सल. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंवर 45 युरोपर्यंत कर लागत नाही. अट अशी की पाठवणारी व्यक्ती हवी, घेणारी व्यक्ती हवी आणि त्यात विक्री नको. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावातला एजंट करतो काय, तर सगळी पार्सलं आपल्या फर्मच्या नावाने चढवतो. त्याला ते सोपं पडतं. पण जर्मनीत खोकं उतरलं की कागदावर दिसतं एका कंपनीने पाठवलेलं खाण्याचं सामान. मग ती भेट राहत नाही, व्यापारी माल होतो. सवलत जाते, आणि कस्टमवाले व्यापारी बिल मागतात. वहिनीने घरी भाजून डंकावर कांडून आणलेल्या मसाल्याचं बिल कुठून आणायचं?

दुसरी खोट वर्णनात. माझ्या फॉर्मवर फक्त ‘फूड आयटम्स’ असं लिहिलेलं होतं. एवढ्याने कोणाचंच समाधान होत नाही. युरोपात येणाऱ्या टपालाची माहिती आता विमान निघण्याआधीच संगणकावर पुढे जाते, आणि त्यात प्रत्येक वस्तूचं नेमकं नाव आणि सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. हे कोड घरच्यांना आधीच लिहून द्या, एजंटवर सोडू नका. हळद पूड 091030. दळलेली लाल मिरची 090422. अख्खी वाळलेली मिरची 090421. मिश्र मसाला, म्हणजे आपला काळा मसाला, 091091. ज्वारीचं पीठ 110290. उडदाचे पापड 190590. एका ओळीत एकच वस्तू, तिच्यासमोर ग्रॅममध्ये निव्वळ वजन आणि तिची खरी किंमत. शेवटी ‘गिफ्ट’च्या चौकटीत खूण.

किमतीचंही तसंच. शून्य लिहिलं तर संशय येतो, आणि विम्यासाठी फुगवून लिहिली तर 45 युरोची मर्यादा सहज ओलांडली जाते. एजंट विम्याच्या नावाखाली गोल रक्कम टाकून मोकळा होतो. बाजारभावाने जी होते तीच लिहायला लावा, आणि पावती हातात घेण्याआधी फॉर्म पूर्ण वाचा. जिभाऊंना, म्हणजे माझ्या भावाला, मी आता फॉर्मचा फोटो आधी पाठवायला सांगते. तो बघून हो म्हटल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

अडकलेल्या पार्सलचं पुढे होतं ते असं. ट्रॅकिंगवर ‘कस्टमकडे’ एवढंच येतं आणि तिथेच थांबतं. मग घरी पत्र येतं, साधं कागदी, टपालाने. त्यावर कस्टम ऑफिसचा पत्ता, पार्सलचा नंबर आणि उचलण्याची मुदत छापलेली असते. ती मुदत टळली तर पार्सल परत जातं. पत्रपेटीवर आपलं आडनाव मराठी-इंग्रजी घोळ न करता पासपोर्टप्रमाणे लावा, नाहीतर पत्र तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ऑफिस शहराच्या टोकाला, फक्त कामाच्या दिवशी उघडं, आणि दुपारनंतर बंद. म्हणजे सुट्टी टाकूनच जावं लागतं.

माझी चीड खरी इथली. कस्टमचा माणूस म्हणे, पाठवणाऱ्याकडून बिल आणा. एजंट फोनवर म्हणे, माल इथून क्लिअर गेलाय, तिकडून सुटेल. दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि मधल्या मध्ये मसाला खोक्यात पडून. त्यात दिवाळी निघून गेली. एजंटकडे सगळी माहिती होती, दोन ओळींचं पत्र द्यायला त्याला काहीच अडचण नव्हती. तरी त्याने ते दिलं नाही. ज्याने कागद चुकीचा केला तो सोडून बाकी सगळ्यांनी धावाधाव करायची, हे मला आजही पटत नाही.

सुटलं ते जिभाऊंच्या पत्राने. त्यात काय होतं तेवढं लक्षात ठेवा, कारण वेळ आली तर हेच करायचं आहे. साध्या कागदावर, इंग्रजीत: मी अमुक, घेणारी माझी बहीण, वस्तू घरगुती वापरासाठी भेट म्हणून पाठवल्या आहेत, विक्री नाही. खाली वस्तूंची यादी, वजन, किंमत. मसाला घरी केलेला असल्याने बिल नाही, पण त्यासाठी आणलेल्या मिरची-धण्याची किराणा पावती जोडली आहे. सही, तारीख, ओळखपत्राची प्रत आणि एजंटला पैसे दिल्याची पावती, म्हणजे पैसे घरच्या माणसाने भरले हे दिसतं. हे सगळं छापून, सोबत टपालाचं पत्र आणि पासपोर्ट घेऊन काउंटरवर जायचं. स्वतः जमत नसेल तर सहीचं अधिकारपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येतं.

काउंटरवर कटर देतात आणि खोकं आपल्यालाच उघडायला सांगतात. दोरा बांधलेली, नाव नसलेली, काळसर पुडीची जाड पिशवी टेबलावर आली की समोरच्याच्या भुवया चढतातच. माझ्या पिशवीचं तोंड सोडायला लावलं. वास पसरला तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाईसुद्धा मान वळवून बघायला लागली. म्हणून प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी हवीच: इंग्रजीत नाव, घटक, वजन, भरल्याची तारीख. धने, मिरची, दगडफूल, शहाजिरं, कलमी (दालचिनी), लवंग, बाद्यान (चक्रफूल), सगळं लिहायचं. पिशवी दोऱ्याने न बांधता उष्णतेने सील केलेली.

खोक्यात काय घालू नये तेही घरी बजावून सांगा. दूध-तूप-मांस वर्गातलं काहीच नाही. साजूक तूप, खवा, पेढे, पनीर ही बंदी सामानात घेऊन येणाऱ्या प्रवाशालाही आहे. घरी कोणीतरी मायेने तुपाची बाटली सरकवतंच. ती माझ्या खोक्यातून काढून नष्ट करायला घेतली आणि त्यासाठी वेगळा कागद भरावा लागला. तुपातल्या लाडवांवरून काउंटरवर वाद होतो, म्हणून मी ते मागवतच नाही. ताजी फळं-भाज्याही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. म्हणजे जळगावची केळी नियमात बसते, पण मेहरूणची बोरं नाही, आणि कढीपत्ताही नाही. पेरता येईल असं बीसुद्धा नको. भारतातल्या तिळावर 2020 साली इथिलीन ऑक्साइड हा जंतुनाशक वायू सापडल्यापासून इथे कडक नजर आहे. तीळ इथेच घ्या.

विमानाने येताना मसाला मोठ्या बॅगेत टाका. गोटा खोबरं घेऊ नका. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. आणि हे वाचून कोणी दुबईला जाणार असेल तर मसाल्यात खसखस अजिबात नको. तिथे ती अमली पदार्थांत धरतात.

मसाला करतानाच परदेशासाठी वेगळा करावा. कांदा-खोबरं न घालता फक्त कोरडे जिन्नस भाजून कांडायचे. खोबरं घातलं की त्याचं तेल सुटून मसाला लवकर खवट होतो. कांडून आल्यावर मसाला गरम असतो, तो रात्रभर कागदावर पसरून पूर्ण गार करायचा, मगच पिशवीत. गरम भरला की आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. अर्ध्या किलोच्या दोन पिशव्या एका माणसाला वर्ष काढतात. एक वापरात, दुसरी फ्रीझरमध्ये. वाटण करताना कांदा इथला आणि खोबऱ्याचा कीस सुपरमार्केटच्या बेकिंगच्या फळीवरचा घ्या.

आता भाकरी. भारतीय दुकानातलं ज्वारीचं पीठ दळून बरेच महिने झालेले असतात, त्याचा चिकटपणा गेलेला असतो, थापताना कडा फाटतात. त्यात पाचवा हिस्सा उडदाचं पीठ आणि मीठ घाला, म्हणजे आपल्या कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाच्या) जवळ जातं आणि उडदाच्या चिकटपणाने भाकरी धरून राहते. पाणी उकळतं ओतून दहा मिनिटं झाकायचं, मग तळहाताच्या टाचेने रगडायचं, एका वेळी एकाच भाकरीचं. इथल्या चुलीला जाळ नसतो, त्यामुळे दुसरी बाजू तव्यावरच कापडाने दाबत फुगवावी लागते. तवा लोखंडी आणि बुडाला अगदी सपाट हवा.

गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर 405, 550, 1050 असे आकडे असतात. आकडा लहान तितकं पीठ पांढरं. 405 म्हणजे जवळजवळ मैदा, पुरणपोळीच्या पारीला उत्तम, रोजच्या पोळीला नाही. पोळीसाठी भारतीय दुकानातला आटाच घ्या.

तूप बाहेरून आणायची गरजच नाही. बिनमिठाचं, आंबवलेल्या सायीचं लोणी बघून घ्या, पाकिटावर ‘साउअरराम’ लिहिलेलं असतं. ते मंद कढवलं की घरच्या लोण्याचा वास येतो. पाव किलोचं साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं. गोड सायीच्या लोण्याचं तूप होतं, पण त्याला वास नसतो. कढीसाठी इथलं ताक चांगलं आंबट असतं.

भरिताचं वांगं तुर्की दुकानात, मोठं जांभळं. आकाराच्या मानाने हलकं निवडा, जड असलं की बिया जास्त. टोचे मारून ओव्हनला 230 अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये एकदा उलटवून. घरात धूर करू नका, झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर धुराचा अलार्म असतो. कपाशीच्या काड्यांवर भाजल्याचा स्वाद येणार नाही, पण उन्हाळ्यात बागेतल्या ग्रिलच्या जागी कोळशावर भाजलं तर बरंच जवळ जातं. मिरची मात्र तुर्की लांब घेऊ नका, ती फिकी. थाई बारीक मिरची आशियाई दुकानात मिळते, ती लवंगीसारखी झणझणीत.

रविवारी दुकानं बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनातली काही उघडी असतात, पण महाग. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं आणून ठेवा. ट्रॉलीसाठी एक युरोचं नाणं खिशात हवं. पेयाच्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीवर आणि कॅनवर 25 सेंट अनामत असते, ती मशीनमध्ये परत केल्यावर चिठ्ठी येते. ती चिठ्ठी त्याच दुकानात बिल देताना द्या. बाटली चेपू नका, पट्टीवरचा कोड वाचता आला नाही तर मशीन ती परत ढकलतं.