टाच आधी रे, टाच!

मी ९९ च्या दहावीचा, ब तुकडी, मागून दुसरा बाक. शाळेच्या स्मरणिकेसाठी मनोगत लिही म्हणून फोन आला तेव्हा आधी आठवले पीटीचे सर. आठवीत १०० मीटरला मी शेवटून पहिला, लांब उडीत तर वाळूपर्यंत पोचलोच नाही, तरी सरांनी मलाच पकडलं आणि म्हणाले, "पळता येत नाही ना तुला? मग चाल."

म्हणजे चालण्याची शर्यत, रेस वॉकिंग. आम्हाला वाटलं चालण्यात काय शिकायचंय. पण सर ग्राउंडवर फक्कीची रेघ मारायचे आणि स्वतः चक्क मातीत पालथे पडून गाल जमिनीला टेकवून बघायचे, आम्ही त्या रेघेवरून चालायचं. पुढची टाच टेकायच्या आत मागचा अंगठा सुटला आणि दोन्ही पाय हवेत दिसले की फाऊल. दुसरा नियम त्याहून छळणारा, टाच टेकल्यापासून अंग त्या पायावर सरळ उभं येईपर्यंत गुडघा अजिबात वाकवायचा नाही. घरी करून बघा, पाच पावलांत कंबर डुलायला लागते, कारण गुडघा ताठ ठेवून पाऊल लांब टाकायचं तर खुबाच पुढे न्यावा लागतो. अख्खी शाळा आम्हाला बदकं म्हणायची. हसू कंबरेचं व्हायचं पण दुखायची नडगी, चवडा वर धरून ठेवायचं काम तिथल्या स्नायूचं ना, पहिले पंधरा दिवस जिना उतरताना रडू यायचं. आणि चवडा फटकन आपटला की सर पाठमोरे असले तरी ओरडायचे, "कोण रे तो थापट्या?"

दहावीत ३ किलोमीटरच्या एका स्पर्धेत मी दुसरा चाललो होतो. आधी ताकीद देणारी पिवळी पाटी दिसली, तिच्यावर कोनाची खूण, म्हणजे गुडघा वाकतोय. मग तीन वेगवेगळ्या जजची लाल कार्डं झाली आणि मी बाद. यात कॅमेरा वगैरे काही नाही, जजच्या डोळ्याला दिसलं ते खरं. मी सरांशी भांडलो, अन्याय झाला म्हणून. ते काही बोललेच नाहीत, बूट काढायला लावले आणि उलटे धरून दाखवले. उजव्याची टाच मागच्या कडेला झिजून तिरकी, डाव्याची जवळजवळ कोरी. "दमलास की डावा वाकतो, सपाट पडतो. जजला कशाला शिव्या देतोस?" मग उसाचा रस पाजला.

२००० ला सिडनी ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल पहिली चालत असताना स्टेडियममध्ये शिरायच्या तोंडावर तिला बाद केलं, मी तो पेपर घेऊन मुद्दाम शाळेत गेलो. सरांनी बातमी वाचली आणि एवढंच विचारलं, "कुठला पाय?"

२०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये प्रियांका गोस्वामीने १०,००० मीटर चालण्यात सिल्व्हर मारलं तेव्हा बॅचच्या ग्रुपवर अभिनंदनाचे बदाम टाकणारे सगळे तेच, बदक म्हणणारे! (नावं घेत नाही, स्मरणिका समिती त्यांचीच आहे.)

मी आता सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालायला जातो, स्पर्धा वगैरे काही नाही, पोट आवरायला. परवा बूट धुताना लेक म्हणाली, बाबा, तुमचा उजवाच बूट कसा काय झिजलाय?