प्रीतिसंगमावर
भाचीला घेऊन आज कराडला गेले होते. कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या घाटावर भेळ खाता खाता तिला १९७५ची गोष्ट सांगितली. आणीबाणी चालू, याच गावात साहित्य संमेलन, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. आणि अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भर मंडपात आणीबाणीला विरोध करणाऱ्या आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितली! पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली.

"मावशी, भीती नसेल वाटली त्यांना?"

६५ वर्षांच्या होत्या गं, एवढंच म्हटलं. परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये नको त्या ठरावाला मी हात वर केला, उगाच वाकडेपणा नको म्हणून. ते काही तिला सांगितलं नाही. यशवंतरावांची समाधी तिथंच आहे. नमस्कार करून परतलो. भेळ फारच तिखट होती.